चिक्कतायम्माच्या घरातलं सातचं जेवण

गिड्डेनदोड्डीत कुणाच्या शेडमध्ये अळ्यांचं बिनसलं, की माणूस आधी चिक्कतायम्माच्या दारात उभा राहतो आणि मग रेशीम खात्याच्या साहेबाला फोन लावतो. साहेबाला त्याचा राग येत नाही. मागच्या उन्हाळ्यात तोच तिच्याकडे वही घेऊन आला होता. आसपासच्या सगळ्यांच्या बॅचेस उन्हाने बसल्या, तुझीच कशी उभी राहिली, एवढंच त्याला विचारायचं होतं.

बाई एकतीस वर्षांची. अंगाने काटकुळी, पण चालायला लागली की पदर मागे आणि ती पुढे. माहेर कोरडवाहू गावातलं, नाचणी आणि तिळाचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला अळीची शिसारी होती. सासू देवीरम्माने पहिल्याच आठवड्यात तिच्या तळहातावर पाच अळ्या ठेवल्या आणि सांगितलं, या पाचजणी तुझ्या, जगवायच्या की मारायच्या ते तू बघ. नव्या नवरीने त्या पाचजणींना टोपलीत घालून स्वयंपाकघरात नेलं, फोडणीचा धूर लागतो म्हणून परत ओसरीवर आणलं, मुंग्या लागतात म्हणून खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. पाचहीजणींनी कोष केले. त्या दिवशी तिची शिसारी गेली आणि तिला वेड लागलं. आज बारा वर्षं झाली, अजून उतरलेलं नाही.

रॅकपाशी ती डोळे मिटून उभी राहते. मोठ्या अळ्या तुतीचा पाला खातात तेव्हा शेडभर एकसारखी सळसळ चालू असते. त्या सळसळीत कुठल्या कोपऱ्यात खंड पडलाय, हे तिला डोळे मिटूनच जास्त बरं कळतं. मग ती नेमकी तिथे जाते आणि पाला उचकटून बघते.

तिचा सगळ्यांना पाठ झालेला नियम एकच. कात टाकायच्या आधी अळी खाणं सोडते आणि डोकं वर करून दिवसभर बसून राहते. नवखा माणूस घाबरतो, तिच्यापुढे ताजा पाला टाकतो, तिला हलवतो, आणि तिथेच बॅच बिघडते. चिक्कतायम्मा अशा माणसाचा हात धरते आणि म्हणते, "बसलीय ना, बसू दे. भूक लागली की तीच तोंड उघडेल."

हे वाक्य शेडसाठी शंभर टक्के खरं होतं. चूक एवढीच झाली, की ते कधी शेडमधून घरात आलं ते तिला कळलं नाही.

घरात साडेचार वर्षांची सिंचना होती.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अंगणवाडीत वजनं होतात. त्या मंगळवारी पंकजा टीचरने बाकीच्या आयांना जाऊ दिलं आणि चिक्कतायम्माला थांबवलं. सिंचनाचं कार्ड तिच्यापुढे उघडलं. त्यावर चार महिन्यांचे चार ठिपके होते: बारा किलो चारशे, परत चारशे, मग पाचशे, मग पुन्हा चारशे. ठिपके जोडणारी रेघ जमिनीवर झोपल्यासारखी आडवी गेली होती. वाढणाऱ्या पोराची रेघ चढायला हवी, हे टीचरने सांगायची गरज नव्हती. मागचे काही महिने पोरगी दर पंधरा दिवसांनी सर्दी घेऊन घरी येत होती आणि खेळता खेळता मध्येच भिंतीला टेकून बसत होती, हेही चिक्कतायम्माला दिसत होतं.

जंताची गोळी देऊन झाली होती. लोहाची बाटली चालू होती. डॉक्टरांनी तपासलं होतं, आजार काही सापडला नव्हता. टीचर म्हणाली, पुढच्या वजनालाही रेघ अशीच राहिली तर मला हिला तालुक्याच्या पोषण केंद्रात पाठवावं लागेल. चौदा दिवस. आईनेही तिच्यासोबत राहायचं.

चिक्कतायम्माच्या डोक्यात त्या क्षणी कॅलेंडर उलगडलं. पुढच्या मंगळवारी दीडशे अंडीपुंजांच्या छोट्या अळ्या येणार होत्या. पण त्याहून जोरात दुसरंच काही आलं. बारा वर्षांत हाताखालून लाखो अळ्या गेल्या, एक बॅच कधी खुजी राहिली नाही, आणि आपल्या पोटची पोरगी खुजी राहते म्हणजे काय?

ती म्हणाली, आमच्या घरी खायला काही कमी नाही हो टीचर, ताट रोज तिच्यापुढे ठेवते मी.

टीचर म्हणाली, "ते मला माहीत आहे अक्का. इथे ती सगळं खाते. सांबार-भात दोनदा मागते. सोमवारी मात्र उतरलेल्या तोंडाने येते. मला वाटतं तुमच्या घरी रविवार काहीतरी वेगळा असतो."

चिक्कतायम्मा पोरीला काखेत मारून तरातरा घरी आली. रविवार वेगळा नसतो, रविवारी अंगणवाडी नसते एवढंच. म्हणजे पोरगी तिथे जेवते आणि माझ्या घरी जेवत नाही. माझ्या हाताला काय झालंय? दोन दिवस हा प्रश्न तिच्या मानेवर बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी चार घरं पलीकडच्या सुंदरम्माने बोलावणं पाठवलं. सुंदरम्माची बॅच चिक्कतायम्माच्या दोन आठवडे पुढे होती आणि तिच्या रॅकवर गोंधळ माजला होता. एकाच थरात बोटाएवढ्या अळ्या आणि त्यांच्या निम्म्याने बारक्या, सगळ्या एकत्र. चिक्कतायम्माने पाच मिनिटं पाहिलं, मग विचारलं, पाला कोण टाकतं?

असं निघालं, की एका टोकाला सकाळी सुंदरम्मा टाकते, दुसऱ्या टोकाला तिचा नवरा गावातून आला की टाकतो. कधी नऊ वाजतात, कधी अकरा.

मग चिक्कतायम्माला चेव चढलाच. ती म्हणाली, अळ्यांना पाला एका वेळी, एका हाताने, सगळ्या थरावर पडायला हवा. एकीने खाल्लं आणि दुसरी थांबली, की दुसरीच्या वाट्याला येईस्तोवर पाला सुकतो. सुकलेल्या पाल्यावर अळी तोंड घासते आणि सोडून देते. तू म्हणतेस टाकला होता, ती म्हणते मला मिळालाच नाही. दोघी खऱ्या. आणि हे बघ, या मागे राहिलेल्या कशा कडेला जातात. बसलेली अळी मध्येच बसते. उपाशी अळी काठाला जाते.

सुंदरम्मा अख्ख्या दोड्डीत जिभेने तिखट म्हणून प्रसिद्ध. तिने कमरेवर हात ठेवले.

"शाणपण तुझं खरंय अक्का, पण ते अळ्यांपुरतं. तुझ्या घरात चौघं चार वेळेला जेवतात, आणि पाचवी उंबऱ्यावर बसून बन खाते. काठाला कोण गेलंय ते आधी तिकडे बघ की."

शेडमध्ये सुंदरम्माची सून होती, ती पाल्याआड तोंड लपवून हसली. चिक्कतायम्माने हातातली बारकी अळी अलगद वेगळ्या ट्रेमध्ये ठेवली, मागे राहिलेल्या वेगळ्या कर, त्यांना कोवळा पाला दे, एवढं सांगितलं आणि दारात एकटाच बिस्किट चघळत बसलेल्या सुंदरम्माच्या नातवाला ओलांडून बाहेर पडली. वाटेत तिचं तोंड तापलं होतं. अर्धी वाट झाल्यावर राग गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी उसळलं. एखाद्या बॅचचा रोग नेमका सापडल्यावर तिच्या छातीत जशी धडधड व्हायची, तशी धडधड व्हायला लागली.

कारण सुंदरम्मा खरं बोलली होती. संध्याकाळी सहाला चिक्कतायम्मा चुलीवर नाचणीचं पीठ शिजवून, लाकडी दांड्याने घोटून त्याचे उंडे वळायची. इथे त्यालाच मुद्दे म्हणतात. दिवस उंड्यानेच संपतो. साडेसहाला देवीरम्मा साखरेच्या आजाराची गोळी घेऊन लगेच जेवायची. सातला दहा वर्षांचा लोहित ताट घेऊन टीव्हीपुढे जायचा. नवरा मरिस्वामी दिवस कलल्यावर तुतीचा पाला कापायला जायचा, तो साडेआठला यायचा. चिक्कतायम्मा स्वतः नऊचा पाला अळ्यांना टाकून, हात धुऊन, उभ्याउभ्याच दोन घास घ्यायची. आणि सिंचनाचं ताट सगळ्यांच्या आधी, सव्वासहालाच मांडलेलं असायचं. ती त्यातलं थोडं चिवडायची आणि ताट उचलून उंबऱ्यावर न्यायची. तिथून रस्ता दिसतो, कुत्री दिसतात. अर्ध्या तासाने उंडा दगड होऊन तसाच परत यायचा. मग चहात बुडवून बन. देवीरम्मा कधी म्हणायची, पोरगी खात नाही गं. त्यावर सून काय म्हणायची? बसू दे, भूक लागली की तीच तोंड उघडेल.

पोरगी बसलेली नव्हती. काठाला गेली होती.

त्याच संध्याकाळी तिने घरात जाहीर केलं, की उद्यापासून सातला सगळे एकत्र जेवणार. सगळे म्हणजे सगळे, अळ्या सोडून.

मरिस्वामी शांत माणूस. फार न बोलता विरोध करणाऱ्यातला. तो म्हणाला, सातला मी पाल्यात असतो. ती म्हणाली, पाच ते साडेसहा पाल्यात राहा. तो म्हणाला, पाचला ऊन असतं, कापलेला पाला नऊपर्यंत मलूल होईल. ती म्हणाली, ओल्या पोत्याखाली ठेवू, चैत्रात ठेवतोच की. तो म्हणाला, आत्ता शेड रिकामी आहे म्हणून बोलतेयस, अळ्या आल्या की बघू. लोहितचं म्हणणं, की सातला त्याची मालिका असते आणि ती पुन्हा लागत नाही. देवीरम्माने सगळ्यांत सोपं उत्तर दिलं. ती म्हणाली, नर्सबाईला विचारून गोळी अर्धा तास पुढे नेते, मला काय, मला एकटीला जेवायचा कंटाळाच आलाय.

दुसऱ्या दिवशी सातला पाच ताटं जमिनीवर गोल मांडली गेली. कुळथाचं सारू होतं, वाफाळणारे उंडे होते. चिक्कतायम्माला वाटलं होतं, आता पोरगी खाईल. पोरीने उंड्याचा तुकडा तोडला, तोंडात घातला, चावला, तोंड वाकडं केलं आणि ताटाच्या कडेला थुंकला. मग भाताचे चार घास, मग कंटाळा. मरिस्वामीने बायकोकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. ते पाहणं तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. असंच दुसऱ्या दिवशी, असंच तिसऱ्या. लोहित म्हणाला, माझी मालिका फुकट गेली.

चौथ्या दिवशी देवीरम्माची नजर पोरीच्या जबड्यावर गेली. म्हातारी जेवायची थांबली.

"अगं तायी, ही चावतेय गं," ती म्हणाली. "हिला उंडा गिळताच येत नाही."

चिक्कतायम्माचा हात ताटातच राहिला.

या मुलखात उंडा कुणी चावत नाही. चावला तर दाताला, टाळूला चिकटून बसतो, चव लागत नाही, नुसता चिखल होतो. चिमटीभर तोडायचा, बोटांत गोल करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, सारूत बुचकळायचा आणि जिभेवरून थेट आत. चव सारूची, बळ नाचणीचं. पण हे कुणी कुणाला शिकवत नाही. शिकवायची गोष्ट आहे असं कुणाला वाटतच नाही. पोर आजोबाच्या मांडीवर बसतं, आजोबाच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना बघतं, आणि एक दिवस आपोआप करायला लागतं. लोहित तसाच शिकला होता. सिंचना जन्मली तेव्हा आजोबा नव्हते. ती कळती झाली तेव्हा शेड दुप्पट झाली होती, आणि घरात कुणीच तिच्यासमोर बसून जेवत नव्हतं. तिने उंडा गिळणारा माणूस जवळून पाहिलाच नव्हता. अंगणवाडीत भात असतो, भात चावता येतो. घरी उंडा असतो. तिला वर्षभर कुणी खायला घालत नव्हतं, नुसतं तिच्यापुढे ठेवत होतं.

चिक्कतायम्माला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. तिने पोरीला ओढून आपल्यासमोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. देवीरम्माने आपलं ताट पुढे सरकवलं. म्हातारीला मोठीच कामगिरी मिळाली होती. ती मान उंच करून, गळा दाखवून, शेंगदाण्याएवढी गोळी गिळायची आणि म्हणायची, कुठे गेली बघ. सिंचना तिच्या गळ्याला बोट लावून बघायची. लोहितने मालिका विसरून दादागिरी सुरू केली. असं नाही वेडे, आधी बुचकळ, मग जीभ बाहेर, मग टाक.

पहिली गोळी परत आली. दुसरी दाताखाली सापडली. तिसरी गेली.

पोरीने डोळे मोठे केले, तोंड उघडून आत काही नाही हे सगळ्यांना फिरून फिरून दाखवलं आणि पुढची गोळी स्वतः तोडली. मरिस्वामीने एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. तो म्हणाला, तिला जास्त सारू वाढ, कोरडं नको.

त्या संध्याकाळी अर्धा उंडा गेला. वर एक वाटी सारू. चिक्कतायम्माला झोप लागेना, एवढी ती खूश होती. आणि मंगळवारी अळ्या आल्या.

आता खरी शर्यत होती. शेडमध्ये सहा, अकरा, चार आणि नऊ हे चार पाले. घरात सात. पहिला आठवडा निभला. तिसरी कात, चौथी कात, अळ्या सगळ्या एकदम बसल्या आणि एकदम उठल्या. सिंचना आता सहापासूनच चुलीपाशी घिरट्या घालायची, पीठ घोटताना दांड्याचं टोक धरायची, आणि ताटं मोजून मांडायची. तिला पाचापर्यंत आकडे येत होते आणि ताटंही पाचच होती, त्यामुळे तिचा भाव फार वाढला होता. शेवग्याचा पाला घातलेलं सारू, अंड्याचं सारू, चवळीचं सारू, काय असेल ते. लोहितशी तिची गोळ्यांची स्पर्धा लागायची. तो मुद्दाम हरायचा आणि हरलो म्हणून भांडायचाही. एकदा तर उंडा संपल्यावर तिने अज्जीच्या ताटातला तोडला. म्हातारी कृतार्थ झाली.

तरी चिक्कतायम्माने मनाला आवर घातला होता. अळीचं तिला दिसायचं, पोरीचं दिसत नव्हतं. ती पोरीला उचलायची, वजन हाताला लागतं का बघायची, आणि कळायचं नाही. आईच्या हाताला पोर रोज तेवढंच लागतं. कातडी थोडी चकाकतेय का? बॅचमध्ये ती चकाकी बघायला शिकली होती. पोरीच्या गालावर ती दिसते की आपल्याला दिसावीशी वाटते?

शेवटच्या आठवड्यात अळ्या राक्षसासारख्या खातात. सगळ्या बॅचचं खाणं एका बाजूला आणि शेवटचे सात दिवस दुसऱ्या बाजूला. ऊन वाढलं होतं. मरिस्वामी म्हणाला, मध्ये सातला एक जादा पाला टाकू, बाकीचे टाकतात. चिक्कतायम्मा म्हणाली, चारचा पाला दीडपट टाकू, सातला नाही. त्या दिवशी नवरा-बायकोत पहिल्यांदा आवाज चढले. तो म्हणाला, कोष हलके आले तर? ती म्हणाली, आले तर आले, एक बॅच हलकी आली म्हणून कुणी मला पोषण केंद्रात पाठवणार नाही. तो तरातरा बाहेर गेला. साडेसहाला ओल्या पोत्यासकट पाला घेऊन परत आला, आणि सातला ताटावर येऊन बसला.

आणि मग वजनाच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी सहाला, अळ्या पिकायला लागल्या.

अळी पिकते म्हणजे खाणं थांबवते, अंग पिवळट, काचेसारखं पारदर्शक होतं, आणि ती डोकं उचलून धागा टाकायला जागा शोधते. त्या वेळी तिला उचलून बांबूच्या गोल चंद्रिकेवर सोडावं लागतं. उशीर झाला तर ती पाल्यातच धागा टाकून रेशीम वाया घालवते. एकदा पिकायला लागल्या की हजारोंनी पिकतात. दोड्डीतल्या बायका अशा वेळी एकमेकींच्या शेडमध्ये धावून जातात. अर्ध्या तासात सुंदरम्मा, तिची सून आणि आणखी तिघी जणी येऊन रॅकला भिडल्या. हात, ट्रे, चंद्रिका, हात, ट्रे, चंद्रिका. लोहित चंद्रिका ओढून देत होता. मरिस्वामी घामाने निथळत होता. चिक्कतायम्मा एका हाताने उचलत होती, दुसऱ्याने दिशा दाखवत होती, आणि तिच्या अंगात वीज खेळत होती. अशी एकसारखी पिकलेली बॅच तिने बारा वर्षांत पाहिली नव्हती.

शेडच्या जाळीच्या दारापाशी सिंचना येऊन उभी राहिली. तिला आत यायची परवानगी नव्हती.

ती म्हणाली, "अम्मा, पाच ताटं मांडली. अज्जी म्हणते उंडे उतरवले."

सात वाजले होते.

चिक्कतायम्माने रॅककडे पाहिलं. हजारो पिवळी डोकी वर उचललेली होती. तिने मान खाली घातली. मग म्हणाली, तू अज्जीबरोबर बस, आम्ही आलो.

पोरगी गेली नाही. ती तिथेच उंबऱ्यावर बसली, गुडघे जवळ घेऊन, रस्त्याकडे तोंड करून. काठाला.

सुंदरम्माने ते पाहिलं. तिचे हात थांबले नाहीत, पण ती म्हणाली, "अक्का, जा. पाचजणी आहोत आम्ही. वीस मिनिटांत तुझं रेशीम कुठे पळून जात नाही, आणि गेलंच तर मी पकडून आणते."

मरिस्वामी ट्रे घेऊन मध्येच उभा होता. चिक्कतायम्माने हात धुतले, लोहितला ओढलं आणि नवऱ्याकडे न बघता बाहेर पडली. त्याला बोलावलं नाही. वीस मिनिटं दोघंही गेली तर काय होईल, हे तिलाही माहीत होतं.

चार जणं गोल करून बसली. पाचवं ताट वाफाळत होतं. सारू वाढलं, तरी सिंचनाने हात लावला नाही. देवीरम्मा म्हणाली, खा गं, गार होईल. सिंचना म्हणाली, "अप्पा आले की." अज्जी म्हणाली, त्याला काम आहे. त्यावर ती पुन्हा तेच म्हणाली. हट्ट नव्हता, रडू नव्हतं. पाच ताटं मांडली आहेत म्हणजे पाच माणसं बसतात, एवढं सरळ होतं तिचं.

चिक्कतायम्मा बघत राहिली. चार आठवड्यांपूर्वी हीच पोरगी ताट उचलून दूर जायची.

दारात पावलं वाजली. मरिस्वामी हात झटकत आला, बसला आणि म्हणाला, सुंदरम्माने हाकललं मला, म्हणाली मी तुझ्यापेक्षा दुप्पट वेगाने उचलते. मग त्याने चिमटीभर उंडा तोडला. सिंचनाने त्याच्या घाटीकडे बघितलं आणि आपली गोळी टाकली.

वीस मिनिटांनी सगळी शेडमध्ये परत होती. काही अळ्यांनी पाल्यात धागा टाकलेला होता. बोटांवर मोजता येणार नाहीत, पण मुठीत मावतील एवढ्या. सुंदरम्माने त्या चिक्कतायम्माच्या नाकापुढे धरल्या आणि म्हणाली, ही बघ तुझ्या जेवणाची किंमत. चिक्कतायम्माने तिच्या हातात दोन गरम उंडे आणि सारूची वाटी ठेवली आणि बाकीच्यांना आवाज दिला, की पाळीपाळीने दोघी-दोघी जाऊन जेवा, एकटी कुणी नाही.

मंगळवारी सकाळी तिचे डोळे सुजलेले होते आणि बोटांना तुतीचा चीक चिकटलेला होता. अंगणवाडीत तिच्यापुढे तीन पोरं होती. तिसऱ्या पोराने काट्यावर उभं राहायला नकार दिला, त्याला समजावण्यात दहा मिनिटं गेली. चिक्कतायम्माला वाटलं, त्या पोराला उचलून आपणच ठेवावं. शेवटी टीचरने हाक मारली. सिंचनाने चपला काढल्या, आणि सांगितलं नसताना हातातलं प्लॅस्टिकचं घड्याळही काढून आईला दिलं.

काट्यावरचे आकडे जरा नाचले आणि थांबले. तेरा किलो एकशे पन्नास.

टीचरने पोरीला खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला, जमिनीवर सरळ आहे की नाही ते हाताने चाचपलं आणि पुन्हा चढवलं. तेरा एकशे पन्नास.

"अक्का, साडेसातशे ग्रॅम," ती म्हणाली. "काय दिलंत?"

चिक्कतायम्माला सगळं सांगायचं होतं. चावण्याचं, गिळण्याचं, काठाचं, सुंदरम्माच्या टोमण्याचं, पाच ताटांचं. तोंडातून निघालं एवढंच, की नवीन काही नाही दिलं, आम्ही तिच्यासमोर बसलो.

टीचरने कार्ड घेतलं, ठिपका काढला आणि जुन्या ठिपक्यापासून रेघ ओढली. ती म्हणाली, एका महिन्यावर मी भुलत नाही, लोहाची बाटली संपेपर्यंत द्यायची, पुढचे तीन महिने हिला नजरेखाली ठेवणार आहे. पण केंद्रात जायचं नाही. चिक्कतायम्माने कार्ड हातात घेतलं. झोपलेल्या रेघेने शेवटी मान वर केली होती. तिने ते डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं, आणि टीचरला विचारलं, सुंदरम्माच्या नातवाचं कार्डही असं आडवंच आहे का हो?

टीचरने फाईल चाळली. उत्तर द्यायच्या आधीच चिक्कतायम्माने पदर खोचला होता. सिंचनाचा हात धरून ती दाराबाहेर पडली. उजवीकडे तिचं घर होतं. ती डावीकडे, सुंदरम्माच्या घराकडे वळली, आणि पोरगी तिच्यामागे पळत सुटली.